डंकावर चप्पल नको

एप्रिलातल्या रविवारी चटणीचा डंक बंद दिसला की शिवाजी पेठेत लोक एकच अर्थ काढतात, घरात कोणीतरी गेलं. सकाळी नऊच्या आत तीन बायका भाजलेल्या मिरच्यांचे डबे घेऊन दारात आल्या आणि तिघींनीही आवाज खाली आणून विचारलं, "कोन गेलं ओ?"

"कोन न्हाय गेलं," बाळासोंच्या थोरल्या मुलानं, उदयसिंहानं तिसऱ्यांदा सांगितलं. "घरची बैठक हाय. बाराच्या पुढं या."

"बैठक? म्हंजे वाटण्या व्हय?" तिसरीनं जरा आशेनंच विचारलं.

वाटण्या नव्हत्या. त्या होऊन दहा वर्षं झाली होती आणि त्यात बाळासोंच्या वाट्याला हा चटणी कुटायचा डंक आला होता. चार लोखंडी मुसळं, एक मोटार, एक पट्टा, आणि वर राहायच्या चार खोल्या. मुसळं पडायला लागली की खालची फरशी, वरची फळ्यांची जमीन, मांडणीतली भांडी, सगळं घर हलतं. या घरातली माणसं एकमेकांशी बोलतात ती शेजाऱ्यांना भांडल्यासारखी वाटतात, त्याचंही कारण तेच. आजची बैठक मात्र ऋतुराजच्या कानांसाठी होती.

ऋतुराज म्हणजे धाकट्या विजयसिंहाचा मुलगा. वीस महिन्यांचा झाला तरी अजून 'आई' नाही की 'बाबा' नाही. गुरुवारी विजयसिंह आणि त्याची बायको निशिगंधा त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. तिथं औषध पाजून त्याला झोपवलं, डोक्याला तारा चिकटवल्या, कानात आवाज सोडले, आणि मेंदूपर्यंत काय पोचतंय ते यंत्रानं कागदावर काढलं. जवळजवळ काहीच पोचत नव्हतं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं: दोन्ही कानांना आत्ताच यंत्रं लावायची, बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे आठवड्यातून दोनदा यायचं, आणि तीन महिन्यांत फरक पडला नाही तर ऑपरेशन करून कानाच्या आत यंत्र बसवायचं. बोलणं शिकायचं वय हेच असतं. ते निघून गेलं की मग कितीही भारी यंत्र आणा, पोराच्या डोक्यात आवाजाचा शब्द होणं अवघड.

विजयसिंह बत्तीस वर्षांचा, कागलच्या कारखान्यात पाळीला जाणारा माणूस. पण वडिलांना विचारल्याशिवाय त्यानं कधी मोबाईलसुद्धा बदलला नव्हता. "आबांचा शब्द घेतो आन सांगतो," असं तो डॉक्टरांना म्हणाला, तेव्हा डॉक्टरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे नुसतं बघितलं. निशिगंधा त्या बघण्यानं अजून शरमत होती.

आणि आबांना, म्हणजे बाळासोंना, ही बैठकच नको होती.

बाळासोंना ऐकू येत नव्हतं. थोडं यायचं, गडगडाटासारखं, पण शब्द म्हणून हाताला काही लागायचं नाही. चव्वेचाळीस वर्षं डंकाशेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? बायको, चिमणाबाई, होती तोवर निभावलं. तिला काही सांगावं लागलं नव्हतं. "ऐकलासा न्हवं, उदय काय म्हनतोय, पट्टा बदलाय पायजे," असं ती करवादायची, आणि लोकांना वाटायचं, बाईला एकच गोष्ट दोनदा सांगायची खोड आहे. ती गेली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून बाळासो भिंतीला पाठ लावून बसत, म्हणजे सगळ्यांची तोंडं समोर राहत. काही कळलं नाही की "बघू म्होरं" म्हणत. घरातल्या मोठ्या माणसाला एवढं एक वाक्य वर्षानुवर्षं पुरतं.

खरा पेच डंकावर होता. पेठेत बाळासोंचं नाव होतं ते कानासाठी. डोळे मिटून उभे राहायचे, मुसळाच्या नुसत्या आवाजावरून चटणी किती कुटली ते ओळखायचे आणि म्हणायचे, "झाली. काढा." कधी चूक नाही. तो आवाज हळूहळू गेला, आणि एक दिवस, चप्पल तुटलेली म्हणून अनवाणी उभे असताना, त्यांना समजलं की मुसळाचा धक्का तळपायातून वर येतो. मिरची भरड असली की वेगळा, बारीक झाली की वेगळा, तेल सुटायला लागलं की अगदी मऊ. त्याच वर्षीच्या दिवाळीत त्यांनी जाहीर केलं, "डंक म्हंजे आपली लक्ष्मी. डंकावर चप्पल नको." उदयसिंहानं लाल ऑइलपेंटनं तशी पाटी रंगवली. सात वर्षांत रीत अशी रुजली की बायका चपला बाहेर काढून डंकाला नमस्कार करूनच डबा खाली ठेवायला लागल्या. बाळासो ते बघून तोंड दुसरीकडे फिरवायचे.

तर मंडळी डंकाच्याच खोलीत बसली. सगळे मावतील अशी दुसरी जागा नव्हती. बाळासोंची धाकटी बहीण शालूबाई जयसिंगपुराहून सकाळच्या एसटीनं आली होती. येताना पाच किलो मिरच्याही घेऊन आली होती, बैठक तर बैठक, चटणीही होऊन जाईल. ऋतुराज मधोमध फरशीवर एका झाकणाशी खेळत होता.

"आपल्यातली उशिराच बोलत्यात," शालूबाईनं सुरुवात केली. "ह्यो उदय अडीच वर्साचा हुईस्तवर मुका हुता. आन आता बघा, गप बसतोय का?"

"आत्या, माझं कशाला काढतीस?" उदयसिंह म्हणाला. "माझं म्हननं एवढंच हाय, डाक्टरची मशीन चुकली आसंल. डंक सुरू झाला की पोरगं वळून बघतंय. रोज बघतंय! भैरं आसतं तर वळलं आसतं व्हय? आन हे निघाले डोकं फोडून घ्यायला."

"लगीच डोकं फोडा म्हनला न्हाय डाक्टर," विजयसिंह म्हणाला. "आदी यंत्र लावा म्हनला, भाऊ."

"यंत्र लावलं की गल्लीत शिक्का बसला. उद्या साळंत पोरं काय म्हनतील त्याला?"

"आदी त्याला साळंत घ्याय तर पायजेत," निशिगंधा म्हणाली.

ती उठली आणि पदराआडून एक चुरगळलेला कागद काढून तिनं बाळासोंच्या समोर फरशीवर ठेवला. समोर येऊनच ठेवला. ती नेहमीच समोरून यायची. चहा द्यायचा असो, निरोप सांगायचा असो, वळसा घालून समोर येणार, बाळासोंनी बघेपर्यंत थांबणार, मग बोलणार. या घरात लग्न होऊन येऊन चार वर्षं झाली होती, आणि चिमणाबाईंच्या मागं हे काम तिनं न बोलता उचललं होतं. तिला माहीत आहे हे बाळासोंना माहीत होतं. तिनं त्याबद्दल कोणापाशी अवाक्षर काढलेलं नव्हतं.

"जल्मला तवाचा कागद हाय," ती म्हणाली. "दवाखान्यात त्याच्या कानाला मशीन लावल्याली. 'पास न्हाय, एका म्हैन्यानं परत तपासा' आसं लिवलंय. आपन गेलो न्हाय. कारन आबा…"

ती तिथंच थांबली.

बाळासोंना कागद बघायची गरज नव्हती. दीड महिन्याच्या पोराला त्यांनीच खाली आणून पोत्यावर निजवलं होतं. डंक सुरू केला, पोर दचकलं, आणि त्यांनी निकाल दिला होता, "कान शाबूत हायेत. कागद ठिवून द्या." त्यावर पेढेसुद्धा वाटले होते.

"आबा बरोबरच बोलले हुते," उदयसिंह म्हणाला. "आता परत दावतो. सगळ्यांसमोर!"

तो उठला आणि त्यानं खटका दाबला. मोटार घरघरली, पट्ट्यानं पकड घेतली आणि रिकामी मुसळं धाडधाड पडायला लागली. शालूबाईनं कानांवर हात ठेवले. ऋतुराजनं झाकण टाकलं आणि मान वळवून डंकाकडे बघितलं. तोंडभर हसलासुद्धा.

"बघा! बघा!" उदयसिंह ओरडला. विजयसिंहाच्या तोंडावरसुद्धा क्षणभर उजेड पडला. आपलं पोरगं धड आहे असं दाखवून दिलं तर कोणत्या बापाला नको असतं?

बाळासोंनी मात्र दुसरंच बघितलं. पोरानं आधी आपल्या हाताकडे बघितलं होतं. डावा तळवा फरशीवर टेकलेला होता. त्या तळव्याकडे बघून, मग त्यानं मान वळवली होती. ते बघणं बाळासोंच्या चांगल्याच ओळखीचं होतं. सात वर्षं ते स्वतः असंच करत होते, आधी पायाला विचारायचं आणि मग तोंडावर ऐकल्याचा भाव आणायचा.

डंक थांबला.

"आता आबास्नीच इचारा," उदयसिंह म्हणाला. खोली गप्प झाली होती आणि तो त्यांच्याकडेच बघून बोलत होता, त्यामुळं बाळासोंना ते कळलं. "पेठंत आबांच्याएवढा कान कुनाचा हाय? त्यांनी न्हाय म्हनलं तर न्हाय."

"मी बी तेच म्हनतोय," विजयसिंह हळूच म्हणाला. "आबा म्हनतील तसं."

निशिगंधानं सासऱ्यांकडे बघितलं. एक वाक्य बोलली असती तर बैठक तिथंच संपली असती. 'ह्यांना तरी कुठं ऐकू येतंय?' एवढंच. पोरासाठी वाघीण होणारी बाई ती, गेले तीन दिवस घरात प्रत्येकाशी भांडलेली. पण ती बोलली नाही. नुसती बघत राहिली, आणि मग तिनं मान खाली घातली. म्हाताऱ्याला झाकायला ती पोराचं नुकसान सोसायला लागली, हे बाळासोंच्या ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. एवढी लाज त्यांना चोरी करताना पकडलं असतं तरी वाटली नसती.

"इजय," ते उठत म्हणाले, "तुझी गाडी दारात हाय न्हवं?"

"हाय की. का ओ?"

"पोराला उचल. गाडीच्या शीटवर बसीव. तोंड रस्त्याकडं. पाय कशाला लागू देऊ नगंस. धर नीट."

"आबा, काय करायलाय तुमी?" क्रांती, थोरली सून, पहिल्यांदाच बोलली. इतका वेळ ती नवऱ्याच्या मागं लसूण सोलत बसली होती.

"काय न्हाय. उदय, खटका दाब."

मोटारसायकल दारातच, उंबऱ्याला लागून उभी होती. रबरी टायर, वर फोमचं शीट. ऋतुराज बापाच्या हातांत, पाय लोंबकळत, रस्त्यावरच्या कोंबड्या बघत बसला. उदयसिंहानं खटका दाबला. मुसळं धाडधाड पडायला लागली. गल्लीतलं कुत्रं उठून उभं राहिलं. समोरच्या गॅलरीतली बाई वाकून बघायला लागली, डंक सुरू झाला म्हणून. ऋतुराज कोंबड्या बघत होता.

"ऋतू!" उदयसिंह आतून ओरडला. डंकाच्या वरताण ओरडला. "ए ऋतूऽऽ!"

ऋतुराज कोंबड्या बघत होता.

"आता खाली सोड त्याला," बाळासो म्हणाले. "फरशीवर."

विजयसिंहानं त्याला आत आणून फरशीवर उभं केलं. पाय टेकले मात्र, पोरानं गर्रकन मान वळवली आणि डंकाकडे बघून टाळी वाजवली.

उदयसिंहानं डंक बंद केला. तो मशीनकडे तोंड करून उभा राहिला आणि काहीतरी बोलला. बाळासोंना त्याची फक्त पाठ दिसत होती.

"इकडं तोंड करून बोल," बाळासो म्हणाले.

उदयसिंह वळला. "म्या म्हनलं, हे तुमाला कसं ठावं?"

"तेच सांगतोय. इकडं तोंड करून बोल. तोंड दिसल्याबिगार मला काय कळत न्हाय." त्यांनी उजवा पाय जरा उचलून दाखवला. "मी बी पोरावानीच ऐकतोय. पायानं. सात वर्सं झाली."

मग ते एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले, कोणाचे ओठ हलतात ते.

शालूबाईनं आधी भावाच्या पायांकडे, मग भिंतीवरच्या लाल पाटीकडे बघितलं. "म्हंजे दादा, ती लक्ष्मीबिक्ष्मी काय न्हाय व्हय?"

"लक्ष्मी हाय. चप्पल काढायचं कारन ती न्हवं."

"आन मी जयसिंगपुरात माझ्या पिठाच्या गिरणीवर बी तीच पाटी लावलीया!"

क्रांतीला हसू आवरेना. ती पदर तोंडाला लावून हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "मला शंका हुती गं," ती निशिगंधाला म्हणाली. "चार म्हैनं झालं. पाठीमागनं बिस्किटाचा पुडा वाजवला तरी त्यो वळंना. म्हनलं, आपन बोललो तर घरात भांडान लागंल. चुकलं माझं."

"क्रांती, तू बी?" उदयसिंह म्हणाला.

"व्हय, मी बी. तुमी आता गप बसा." लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, आणि चारचौघांत नवऱ्याला गप करायची ही तिची पहिलीच वेळ. "यंत्र लागलं तर लागलं. शिक्का म्हनं! चष्मा लावतासा तवा शिक्का बसत न्हाय व्हय?"

उदयसिंह मटकन पोत्यावर बसला. तो वाईट माणूस नव्हता. पुतण्या धड आहे हे सगळ्यांत जास्त त्यालाच हवं होतं, म्हणून तर रोज तो डंक सुरू करताना वळून बघायचा. "आबा," तो तोंड नीट समोर धरून म्हणाला, "आदी का सांगितलं न्हाय?"

"काय सांगू? डंकावरचा म्हातारा भैरा झाला म्हनून? मग 'झाली, काढा' कुनी म्हनायचं? तुला जमतंय?"

"न्हाय जमत."

"मग!" असं म्हणून बाळासो खाली बसले. त्यांनी फरशीवरचा तो चुरगळलेला कागद उचलला, मांडीवर ठेवून सपाट केला आणि निशिगंधाच्या हातात दिला. "आठरा म्हैनं माझ्यामुळं गेलं पोरी. डाक्टरला फोन लाव. उद्याच जायाचं. आन त्यास्नी सांग, एक न्हाय, दोन माणसं तपासायची हायेत."

बाराला डंक उघडला. पहिली चटणी शालूबाईचीच होती.

सोमवारी दवाखान्यात कान तपासायला सुहाना नावाची तरुण मुलगी होती. बोलण्याआधी समोर येऊन उभी राहायची, तेव्हाच बाळासोंना ती आवडली. ऋतुराजच्या कानांत तिनं गुलाबी लुकण भरून साचे घेतले. त्यानं आकांत केला, विजयसिंहाच्या हाताला चावला, आणि साचे निघाल्यावर तेच हातात घेऊन खेळत बसला. आठ दिवसांत त्याची यंत्रं येणार होती. पहिले काही दिवस तो ती उपटून फेकेल, पुन्हा पुन्हा लावायची, कंटाळायचं नाही, असं सुहानानं दोनदा बजावलं. ऑपरेशनचं तीन महिन्यांनी ठरवायचं होतं, पण त्याचे कागद आत्तापासूनच तयार ठेवायला सांगितले.

मग बाळासोंची पाळी. चहूबाजूंनी मऊ भिंती असलेल्या खोलीत त्यांना बसवलं आणि आवाज आला की बोट वर करा म्हणून सांगितलं. खाली जाड गालिचा होता. बाळासोंनी सवयीनं चपला बाहेर काढल्या होत्या, पण तळपायांना काहीच लागत नव्हतं. काचेपलीकडच्या सुहानाचा हात बटणाकडे जाताना दिसायचा. ते बघून बोट वर करता आलं असतं. ही विद्या त्यांना पक्की येत होती. त्यांनी डोळे मिटून घेतले. बोट बराच वेळ मांडीवरच राहिलं.

"बारीक आवाज आधी जातात, आजोबा," सुहाना नंतर कागदावरची उतरणीची रेघ दाखवत म्हणाली. "बायकांचे, पोरांचे. किती वर्षं झाली?"

"सात," बाळासो म्हणाले. मग म्हणाले, "धा धर."

"तुमच्या थोरल्या मुलालाही आणा. तेही डंकावरच असतात ना? आणि डंक चालू असताना सगळ्यांनी कानात बोळे घालायचे. ही गेलेली रेघ औषधानं परत येत नाही." मग तिनं दाखवण्यापुरती दोन यंत्रं त्यांच्या कानांमागं अडकवली आणि बटणं फिरवली. "जरा बाहेर फिरून या. आधी सगळंच कर्कश वाटेल."

वाटलं खरं. पंखा एवढा बोलतो हे ते विसरले होते. कागद फडफडला तर ते दचकले. दारात चपला घालताना त्या चपलांचासुद्धा आवाज आला, म्हणून त्यांनी परत एकदा पाय आपटून बघितला.

बाहेर बाकावर निशिगंधा दाराकडे पाठ करून बसली होती. ऋतुराज तिच्या मांडीवर उभा, तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. ती त्याच्याशी बोलत होती. बाळासो दारातच थांबले. चार वर्षं त्यांनी या सुनेचा फक्त वरचा, ओरडून बोलायचा आवाज ओळखला होता, तोही ओठांवरून. तिचा खरा आवाज असा बारीक आणि मऊ होता. आणि ती थांबतच नव्हती. पंखा, खिडकी, कावळा, बाबा कुठं गेला, चावलास व्हय रं बाबाला, असं सलग. ऐकू न येणाऱ्या पोराशी वीस महिने ही अशीच बोलत आली असणार, आणि घरात कोणालाच ते ऐकू आलं नव्हतं.

बाळासो वळसा घालून समोर गेले नाहीत. तिचं तोंड त्यांना दिसत नव्हतं, तरी एकेक शब्द वेगळा येत होता.

"आबांना आता ऐकाय येणार," ती पोराच्या हनुवटीला धरून सांगत होती. "आता तुझी पाळी, राजा."